मूळ पेशी अस्थिमज्जेतून निघत नाहीत तेव्हा: इंदूरमधील एका मायलोमा रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांच्या, इंदूरच्या राजेंद्र नगर भागात राहणाऱ्या आणि बँकेतून निवृत्त झालेल्या. विभागात त्यांना सगळे काकू म्हणत, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवले आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. त्यांची कंबरदुखी बरेच महिने मणक्याची झीज समजून शेक, पट्टा आणि वेदनाशामक गोळ्यांवर काढली गेली. कमरेचा तिसरा मणका खचला, हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत उतरले आणि मग झालेल्या तपासण्यांत मल्टिपल मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, असल्याचे निष्पन्न झाले. मणक्यावर किरणोपचार झाले आणि बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड व डेक्सामेथासोन या तीन औषधांची आवर्तने सुरू झाली.

औषधांना प्रतिसाद उत्तम मिळाला. चौथ्या आवर्तनानंतरच रक्तातील असामान्य प्रथिन बहुतांश ओसरले होते आणि काकू काठीशिवाय चालू लागल्या होत्या. स्वतःच्याच मूळ पेशींचे (रक्तपेशी तयार करणाऱ्या मज्जेतल्या पेशींचे) प्रत्यारोपण करण्याचा विषय खरे तर याच टप्प्यावर निघायला हवा होता आणि तो निघालाही. परंतु बरे वाटत असताना इस्पितळात राहून केस घालवणारे औषध घ्यायचे कशाला, असा घरचा सूर होता, पुण्याला असलेल्या मुलाला रजा मिळण्याचा प्रश्न होता, आणि चालू उपचार काम करत असल्याने कोणी आग्रहही धरला नाही. अशी एकूण नऊ आवर्तने झाल्यावर त्या प्रत्यारोपणासाठी आमच्या केंद्राकडे आल्या. त्या वेळी वजन ६२ किलो, प्लेटलेट १ लाख ४८ हजार, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तचाचणी) १.१ आणि अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी ५ टक्क्यांहून कमी होत्या. लेनालिडोमाइड चार आठवडे बंद ठेवण्यात आले.

या केंद्रात पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवण्याची सोय नाही. भारतातील अनेक केंद्रांप्रमाणे इथेही गोळा केलेल्या पेशी २ ते ६ अंश तापमानाला शीतपेटीत ठेवतात, लगेच मेल्फालान या रोगपेशींबरोबर मज्जाही मारणाऱ्या औषधाचा मोठा डोस देतात आणि साधारण तीन दिवसांच्या आत त्या पेशी रुग्णाला परत देतात. ही पद्धत स्वस्त आहे आणि मायलोमात ती चांगली चालते. मात्र पुरेशा पेशी हाती आल्याशिवाय मेल्फालान देता येत नाही, कारण ते दिल्यावर मागे फिरता येत नाही. पुढचे बहुतेक निर्णय या एका मर्यादेभोवती फिरले.

अडचण

पेशी रक्तात उतरवण्यासाठी जी-सीएसएफ हे औषध किलोमागे १० मायक्रोग्रॅम या हिशेबाने रोज दिले जाते आणि पाचव्या दिवशी रक्त फिरवून त्यातल्या हव्या त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या अफेरेसिस यंत्रावर संकलन होते. संकलनासाठी कामाचे दिवस मिळावेत म्हणून इंजेक्शने गुरुवारी सुरू केली. त्यामुळे चौथा दिवस रविवारी आला. त्या संध्याकाळी फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे मूळ पेशी मोजण्याच्या तपासणीसाठी, तंत्रज्ञाला मुद्दाम बोलावून घेतले होते. पांढऱ्या पेशींची संख्या ३८,००० होती. तो आकडा पाहून घरच्यांना हायसे वाटले. औषध लागू पडले असे त्यांना वाटले आणि त्या अर्थाने ते पडलेही होते. परंतु मूळ पेशी ज्या खुणेवरून ओळखतात त्या सीडी-३४ असलेल्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये अवघ्या ७ होत्या.

याचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. काकूंच्या शरीरात रक्त सुमारे ४ लिटर. यंत्रातून त्याच्या तिप्पट, म्हणजे १२ लिटर रक्त फिरवले आणि त्यातल्या सुमारे ४५ टक्के मूळ पेशी पकडता आल्या, तर एका दिवसात वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ६ लाख पेशी मिळतात. प्रत्यारोपणासाठी किमान २० लाख लागतात आणि त्याहून बऱ्याच अधिक असलेल्या बऱ्या. याच गतीने गेले तर किमान आकडा गाठायलाही चार दिवस लागले असते, तोपर्यंत पहिल्या दिवसाच्या पेशी शिळ्या झाल्या असत्या आणि प्रत्येक सत्राला यंत्राच्या नळ्यांचा नवा संच लागला असता.

पेशी अडतात कुठे

केमोकाइन ही पेशींना दिशा दाखवणारी छोटी प्रथिने. माणसात ती पन्नासच्या आसपास आहेत आणि ती ओळखणारे ग्राही सुमारे वीस. पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेला हा ग्राही केमोकाइन अधिक असलेल्या दिशेला पेशीला वळवतो. लसिका ग्रंथीत टी-पेशी नेमक्या पोहोचतात त्या सीसीआर-७ मुळे आणि जखमेकडे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावतात त्यात सीएक्ससीआर-२ चा मोठा हात असतो. अस्थिमज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल-१२ नावाचे केमोकाइन सतत स्रवतात; मूळ पेशींवर त्याचा ग्राही सीएक्ससीआर-४ असतो आणि या जोडीमुळे त्या मज्जेतच टिकून राहतात.

जी-सीएसएफ ही पकड आडवाटेने सोडवते. त्याने न्यूट्रोफिल वाढतात, त्यांची विकरे मज्जेतले सीएक्ससीएल-१२ आणि चिकटून धरणारी इतर प्रथिने तोडतात आणि सीएक्ससीएल-१२ चे उत्पादनही उतरते. काकूंच्या बाबतीत न्यूट्रोफिल वाढले, पण त्यांच्यामागून मूळ पेशी आल्या नाहीत. वय, मणक्यावरचे किरणोपचार आणि मुख्य म्हणजे लेनालिडोमाइडची नऊ आवर्तने ही कारणे आधीपासून कागदावर होती.

प्लेरिक्साफॉर हे औषध थेट सीएक्ससीआर-४ वर बसते आणि सीएक्ससीएल-१२ ला तिथे बसू देत नाही. त्याची सुरुवात एड्सच्या औषधाच्या शोधात झाली, कारण एचआयव्हीचे काही प्रकार पेशीत शिरण्यासाठी हाच ग्राही वापरतात. निरोगी स्वयंसेवकांना ते टोचल्यावर काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि संशोधनाची दिशाच बदलली. २००८ साली अमेरिकेत ते मायलोमा आणि नॉन-हॉजकिन लिंफोमाच्या रुग्णांत मूळ पेशी गोळा करण्यासाठी मंजूर झाले. मायलोमातल्या मंजुरीपूर्व चाचणीत जी-सीएसएफच्या जोडीला प्लेरिक्साफॉर मिळालेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्णांनी दोन सत्रांत किलोमागे ६० लाख पेशींचा टप्पा गाठला. नुसते जी-सीएसएफ मिळालेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. अर्थात त्या चाचणीतले रुग्ण काकूंइतकी औषधे पचवून आलेले नव्हते, त्यामुळे तो आकडा त्यांना जसाच्या तसा लावणे योग्य नव्हते.

समोरचे पर्याय

सोमवारी सकाळी तसेच यंत्रावर घ्यायचे आणि काय मिळते ते पाहायचे, हा पहिला पर्याय. रात्रीतून संख्या थोडी वाढते, हे खरे; पण ७ वरून ती २० वर जाईल अशी आशा धरण्याला आधार नव्हता. इथेच थांबायचे आणि तीन-चार आठवड्यांनी सायक्लोफॉस्फामाइड व जी-सीएसएफ एकत्र देऊन पुन्हा प्रयत्न करायचा, हा दुसरा. औषधाचा खर्च त्यात कमी, पण प्रतिकारशक्ती घसरून ताप येण्याचा धोका असतो, संकलनाचा नेमका दिवस आधी सांगता येत नाही आणि तोवर मायलोमा उपचाराविना राहतो; तापासाठी आठवडाभर भरती व्हावे लागले की औषधातली बचत तिथेच संपते. कमरेच्या हाडांतून भूल देऊन थेट मज्जा काढण्याचा विचार बोलून दाखवला गेला आणि तिथेच सोडला. प्रत्यारोपण न करता औषधांवरच पुढे जाणे हा पर्याय मात्र गंभीरपणे मांडला गेला, कारण नव्या औषधांच्या काळात प्रत्यारोपण न झालेले रुग्णही बराच काळ चांगले राहतात. तथापि काकूंची तब्येत ते झेपण्याजोगी होती आणि इतक्या तयारीनंतर ही संधी केवळ पेशी निघत नाहीत म्हणून सोडावी, असे कोणालाच वाटले नाही.

उरला प्लेरिक्साफॉरचा पर्याय. किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम या मात्रेने ते संकलनाच्या सुमारे ११ तास आधी त्वचेखाली टोचायचे असते. सकाळी नऊला यंत्र सुरू करायचे तर रात्री दहाला इंजेक्शन हवे. अहवाल हातात आला तेव्हा साडेसात वाजले होते.

रविवारची संध्याकाळ

त्या अडीच तासांत तीन गोष्टी उरकायच्या होत्या: मात्रा ठरवणे, घरच्यांशी बोलणे आणि कुपी मिळवणे.

मात्रेचा प्रश्न दिसतो तितका सरळ नव्हता. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ५० मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर मात्रा ०.१६ वर आणावी लागते आणि मायलोमात मूत्रपिंड दुखावलेले असणे नित्याचे. काकूंचे क्रिएटिनिन १.१ म्हणजे वरवर ठीकच, पण वय, वजन आणि स्त्री असणे धरून केलेल्या हिशेबात गाळणक्षमता ५५ च्या जवळ येत होती. सीमारेषेच्या थोडी वर, म्हणून पूर्ण मात्रा ठरली: १४.९ मिलिग्रॅम, म्हणजे ०.७४ मिलिलिटर. एका कुपीत १.२ मिलिलिटर असते. एक दिवस भागतो, दोन दिवस भागत नाहीत आणि उघडलेली कुपी ठेवायचीही नसते.

घरच्यांशी झालेले बोलणे लांबले. भरलेल्या पॅकेजमध्ये हे औषध धरलेले नव्हते आणि संमतिपत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. भारतीय कंपन्यांची प्लेरिक्साफॉर मिळत असल्याने किंमत पूर्वीइतकी राहिलेली नाही. काकूंच्या यजमानांना पैशांचा हिशेब लगेच पटला, कारण कुपीविना होऊ घातलेली चार सत्रे कुपीसह होणाऱ्या दोनांपेक्षा स्वस्त पडणार नव्हती. त्यांना टोचत होते ते वेगळेच. "डॉक्टर, हे औषध पेशींना हाडातून बाहेर काढतं न? मग रोगाच्या पेशी पण त्याच हाडात बसल्यात. त्या पण बाहेर येतील की नाही? अन् त्याच पिशवीत भरून परत आत घालणार आपण?"

हा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. मायलोमाच्या पेशींवरही सीएक्ससीआर-४ असतो आणि मज्जेत त्यांचे बस्तान बसण्यात सीएक्ससीएल-१२ चा वाटा आहे. कर्करोगाच्या पेशी शरीरात कुठे रुजतात यात केमोकाइनचा हात असतो, हे २००१ साली स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनात ठळकपणे पुढे आले: त्या पेशींवर सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-७ आढळले, आणि त्यांची केमोकाइन नेमकी लसिका ग्रंथी, फुप्फुस, यकृत आणि अस्थिमज्जा अशा ठिकाणी भरपूर होती जिथे हा कर्करोग पसरतो. ल्युकेमियाच्या रुग्णांत मूळ पेशी उतरवण्यासाठी प्लेरिक्साफॉर वापरू नये, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच आहे, कारण रोगपेशीही रक्तात उतरू शकतात.

त्यामुळे "तसे काही होत नाही" असे उत्तर देणे खोटे ठरले असते. यजमानांना सांगितले ते असे: थोड्या रोगपेशी पिशवीत येऊ शकतात, हे औषध दिले तरी आणि नुसते जी-सीएसएफ दिले तरी, म्हणूनच आधी मज्जेतला रोग जितका खाली आणता येईल तितका आणतात आणि काकूंच्या मज्जेत तो खाली आलेला आहे. संकलित पेशींतून फक्त सीडी-३४ पेशी वेगळ्या काढून देण्याचे प्रयोग पूर्वी मायलोमात झाले. त्याने पिशवीतल्या रोगपेशी घटल्या, पण रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. म्हणजे रोग उलटतो तो बहुतांशी शरीरात उरलेल्या पेशींतून. यजमानांनी मुलाला फोन लावून हे सगळे पुन्हा एकदा स्पीकरवर सांगायला लावले. काकू इतका वेळ शांत ऐकत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, की सुई पोटात टोचणार की दंडात.

कुपीने मात्र घाम काढला. आर.एन.टी. मार्गावरचा दवा बाजार रविवारी बंद, विभागाच्या साठ्यात कुपी नाही. फार्मासिस्टने ओळखीच्या वितरकांना फोन केले, त्यातल्या एकानेही उचलला नाही. शेवटी शहरातल्या दुसऱ्या एका प्रत्यारोपण विभागाने परतफेडीच्या बोलीवर एक कुपी दिली आणि यजमानांचा भाचा ती विजय नगरकडून स्कूटरवर घेऊन आला. रात्री १० वाजून १० मिनिटांनी पोटाच्या त्वचेखाली इंजेक्शन दिले. उठून उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो, म्हणून अर्धा तास पलंगावरून हलू दिले नाही. रात्रीत दोनदा पातळ शौचास झाली. हा या औषधाचा नेहमीचा परिणाम असल्याचे आधी सांगून ठेवलेले असल्याने घाबरगुंडी उडाली नाही.

दुसऱ्या कुपीचा प्रश्न

सोमवारी सकाळी सीडी-३४ पेशी ७ वरून २८ वर गेल्या होत्या. सव्वानऊला यंत्र सुरू झाले. सत्राच्या मध्यावर काकूंच्या ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या. रक्त गोठू नये म्हणून वापरायचे सायट्रेट कॅल्शियम बांधून टाकते आणि हाडांसाठी दोन आठवड्यांपूर्वी दिलेल्या झोलेड्रॉनिक आम्लामुळे त्यांचे कॅल्शियम आधीच खालच्या अंगाला होते. कॅल्शियम ग्लुकोनेटचा वेग वाढवल्यावर मुंग्या थांबल्या. दुपारी मोजणी आली: किलोमागे २४ लाख पेशी.

इथे विभागात दोन मते झाली. किमान २० लाखांचा टप्पा ओलांडला आहे, मग दुसऱ्या कुपीचा आणि दुसऱ्या सत्राचा खर्च कशाला, हे एक मत. ते चुकीचे म्हणता येणार नाही. दुसऱ्या मताचा आधार साठवणुकीच्या पद्धतीत होता. शीतपेटीत ठेवलेल्या पेशींपैकी काही दर दिवशी मरतात, आणि काठावरचा आकडा परत देण्याच्या वेळी काठाखाली गेला तर प्लेटलेट वाढायला आठवडे लागतात, रक्तघटकांच्या पिशव्या चढवाव्या लागतात आणि जंतुसंसर्गाचा काळ लांबतो. मला दुसरे मत पटले. घरच्यांपुढे दोन्ही मते ठेवली. त्यांनी दुसरी कुपी घेण्याचे ठरवले. सोमवार असल्याने ती दवा बाजारातून दुपारीच आली आणि सोबत परतफेडीचीही. मंगळवारी मोजणी २० होती, किलोमागे आणखी १७ लाख पेशी मिळाल्या. एकूण ४१ लाख.

परिणाम

मंगळवारी रात्री मेल्फालान दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम दिले आणि चोवीस तासांनी, बुधवारी रात्री, दोन्ही पिशव्या परत दिल्या. देण्यापूर्वी सोमवारच्या पिशवीत ९२ टक्के पेशी जिवंत होत्या. शिरेतून सोडलेल्या या पेशींना मज्जेपर्यंत कोणी नेत नाही. संध्याकाळी गुरे आपापल्या गोठ्याकडे वळावीत तशा त्या सीएक्ससीएल-१२ च्या मागावर स्वतः मज्जेत जातात. प्लेरिक्साफॉरचा अंमल तासांत ओसरतो, म्हणून ज्या ग्राहीला दोन रात्री अडवून ठेवले त्याचाच पुढे उपयोग होऊ शकला. तोंड आल्याने काकू सहा दिवस पातळ पेजेवर होत्या, एकदा ताप आला, तो प्रतिजैविकांनी उतरला. बाराव्या दिवशी न्यूट्रोफिल ५०० च्या वर गेले, पंधराव्या दिवशी प्लेटलेट पिशवीशिवाय २०,००० च्या वर टिकल्या आणि अठराव्या दिवशी त्या घरी गेल्या. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत रक्तात असामान्य प्रथिन आढळले नाही.

वेगळे काय करता आले असते

रविवारची धावपळ लक्षात राहते, पण या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय त्याच्या कित्येक महिने आधी, न घेताच घेतला गेला होता. लेनालिडोमाइडवर असलेल्या रुग्णाच्या पेशी पहिल्या चार ते सहा आवर्तनांच्या आतच गोळा कराव्यात, हा सर्वमान्य प्रघात आहे. पाचव्या, सहाव्या, सातव्या आवर्तनाच्या वेळी "चालू आहे ते चालू द्या" असे ठरत गेले. प्रत्येक वेळी ते वाजवी दिसले आणि प्रत्येक वेळी पेशी मिळण्याची शक्यता थोडी घटली, याची नोंद कुठेच झाली नाही. निदान होताच प्रत्यारोपण केंद्राची एक भेट ठरवावी, प्रत्यारोपण करायचे की नाही हे नंतर ठरले तरी चालेल. किमान रुग्णाला मुदत तरी कळते.

दुसरे म्हणजे, काकूंच्या पेशी सहज निघणार नाहीत हे त्या आल्या त्या दिवशीच कळण्याजोगे होते. अशा रुग्णाशी प्लेरिक्साफॉरचा खर्च आणि धोके यांवर बोलणे संमतीच्या वेळीच व्हायला हवे. चौथ्या दिवशी संध्याकाळी, घड्याळ समोर ठेवून, यजमानांच्या प्रश्नाला पुरेसा वेळ मिळाला हा योगायोग होता. सरसकट प्रत्येकाला हे औषध द्यावे असे मात्र मला वाटत नाही. मोजणी २० च्या वर असेल तर गरज नसते, १० च्या खाली असेल तर थांबण्यात अर्थ नसतो आणि मधल्या पट्ट्यात रुग्णाचा पूर्वेतिहास, किती पेशी हव्यात आणि साठवण कशी आहे यांवर ठरवावे लागते.

वाराची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण जी-सीएसएफ शुक्रवारी सुरू केले असते तर मोजणी सोमवारी आली असती आणि बाजार उघडा असता. आता विभागात तसेच करतात. शिवाय प्लेरिक्साफॉर साध्या तापमानाला टिकते, शीतसाखळी लागत नाही. न फोडलेली कुपी परत घेण्याच्या बोलीवर एका वितरकाने एक कुपी विभागात ठेवायला दिली आहे.

एक प्रश्न सुटलेला नाही. गोठवण्याची सोय नसल्याने काकूंच्या सगळ्या पेशी वापरल्या गेल्या. पुढे रोग उलटला आणि दुसरे प्रत्यारोपण करायची वेळ आली, तर हाताशी काही शिल्लक नाही. त्या सध्या लेनालिडोमाइडच्या १० मिलिग्रॅमच्या गोळीवर आहेत. रोग दाबून ठेवण्यासाठी ती हवीच आहे आणि तिच्या दर महिन्यागणिक पुन्हा पेशी मिळण्याची शक्यता कमी होत जाणार, हे यजमानांना या वेळी आधीच सांगितले आहे.